मयताच्या घरी जाणाऱ्या आक्का

सांबरेकर आक्कांची जीप गावात शिरली की बाया दारं ओढून घ्यायच्या. घरात कुणी गरवार असेल तर तिला आधी आतल्या खोलीत पाठवायच्या. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, गाडीत परका पुरुष आहे म्हणून असेल. मग एका म्हातारीनं कमरेवरची घागर सावरत शेजारणीला विचारलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "मयताची बाई आली बघ. आता कुणाच्या घरला चाललीया?"

आक्कांनीही ते ऐकलं होतं. त्या ड्रायव्हरला एवढंच म्हणाल्या, "हळू घे रं. धुरळा नको."

डॉ. लीला सांबरेकर या बेळगावात आमच्या वैद्यकीय विद्यापीठात समाजवैद्यक विभागाच्या प्राध्यापक होत्या. मूळच्या सांबऱ्याच्या, घरची शेती. जन्म विमानतळाच्या शेजारी काढूनही डोक्यावरून विमान गेलं की दचकायच्या. बाळंतपणात किंवा त्याच्या आगेमागे एखादी बाई दगावली, की दिवसकार्य उरकू द्यायचं, मग त्या घरी जायचं, माणसांशी बोलायचं, आणि ती बाई नेमकी कुठल्या वाटेनं मरणापर्यंत गेली ते समजून घ्यायचं, हे त्यांचं संशोधन. खानापूरच्या रानापासून निपाणीच्या तंबाखूच्या शेतांपर्यंत त्यांनी अशी किती घरं पाहिली असतील, त्या कधी सांगायच्या नाहीत.

मी त्याच विभागात संख्याशास्त्र शिकवतो. वडगावच्या विणकराच्या घरातला. रात्रंदिवस मागांच्या खडखडाटात वाढलेला, त्यामुळे शांत घराची मला आधीपासूनच धास्ती. आणि मयताचं घर फार शांत असतं. तरी आक्का मला न्यायच्या. "आत बाया बोलतील ते मी ऐकतो. भाईर पुरुष बोलतील ते तुम्ही ऐका, मास्तर," असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडच्या बायकांसारख्याच त्याही स्वतःविषयी 'मी येतो, मी जातो' असंच बोलत. मला मास्तर म्हणत, कारण मी गणित शिकवतो. जीपमध्ये परत बसलो की दोन्ही हकिकती शेजारी शेजारी मांडायच्या. बाहेर कट्ट्यावर ऐकलेलं मरण आणि आत चुलीपाशी ऐकलेलं मरण क्वचितच एक निघायचं. बाहेर असायचं, "गाडी वेळंवर मिळाली न्हाय." आत असायचं, "सकाळपास्नं सांगत हुती, माझं डोकं फुटतंय. कुणी ऐकलं न्हाय."

मला वाटायचं, रोज मरणाशी गाठ असलेली ही बाई आतून दगड झाली असणार. तसं नव्हतं. आक्का घाबरट होत्या. कुत्र्याला घाबरायच्या, विजेला घाबरायच्या, घाटात वळण आलं की पुढच्या सीटचा दांडा धरायच्या. प्रत्येक घरापुढं जीप थांबली की लगेच उतरायच्या नाहीत. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहायच्या. एकदा पाण्याची बाटली देताना त्यांच्या बोटांना माझा हात लागला. ऐन वैशाखात ती बोटं बर्फासारखी गार होती. विभागात कुणीतरी म्हणायचं, यांच्याच घरात असं काहीतरी घडलेलं असणार. मी पुढं एकदा धीर करून विचारलंही. त्या म्हणाल्या, "न्हाय बा. आमच्या घरात सगळ्या नव्वदीपर्यंत जगतात. मला नुसतंच भ्या वाटतं."

घरात गेल्यावर मात्र त्यांची एक ठरलेली रीत होती. उंबऱ्याच्या आत, दाराच्या बाजूला भिंतीशी खाली बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याची वाट अडू नये म्हणून. चहा आधी घ्यायचा नाही, सगळं सांगून झाल्यावर दिला तर नाही म्हणायचं नाही. आणि पहिला प्रश्न आजाराचा नाही. "तिला खायला काय आवडायचं?" एवढा वेळ पदरात तोंड घालून बसलेली आई मान वर करायची. "तिला व्हय? तिला वांग्याचं भरीत." त्यानंतर आक्का फक्त "मग?" म्हणायच्या. थोडा वेळ गेला की पुन्हा "मग?" आमच्या प्रश्नावलीत खाण्याच्या आवडीला रकाना नव्हता. शिकाऊ डॉक्टर त्यावर हसायचे. त्यातला एक जण एकदा "मॅडम, कालची केस..." असं म्हणाला, तर आक्कांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. "केस कोर्टात असती. हितं बाई हाय. नाव घे."

त्यांचं आणखी एक वाक्य मी वर्गात अजून सांगतो. "भ्यालेलं माणूस खोटं बोलत न्हाय, मास्तर. कमी बोलतं. जेवढं बोलत न्हाय तेवढंच आपल्याला पायजे असतं."

गुंजीच्या पुढं रानात एक वाडी आहे. तिथं आम्ही एका तरण्या बाईच्या मरणाची चौकशी करून आलो होतो. थोड्याच दिवसांनी त्याच आळीतली दुसरी गेली. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा दारं बंद झाली नाहीत. उलट सगळी आळी रस्त्यावर आली. जीपच्या पुढं पुरुष, मागं पुरुष. कुणाच्या हातात काही नव्हतं, पण कुणी बोलतही नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं नाही.

गेलेल्या पहिल्या बाईची सासू पुढं आली. "तू आलतीस," ती आक्कांना म्हणाली. "हितं बसून सगळं इचारून गेलीस. आन् तुझ्या मागनं दुसरी गेली. आता तिसरी न्यायला आलीस व्हय?"

मी आक्कांना हळूच म्हणालो, "उतरू नका." त्या उतरल्या. म्हातारीच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता समजावून सांगतील, की असं नसतं, ही अंधश्रद्धा आहे. त्या म्हणाल्या, "तेच भ्या मला बी वाटतंय, मावशी. येताना वाटंत सगळा वेळ तेच मनात आलं."

म्हातारीला हे अपेक्षित नसावं.

"मी काय चुकवलं, काय इचारायचं राहिलं, ते कळाय पायजे," आक्का म्हणाल्या. "दोघींत सारखं काय व्हतं, तेवढं सांगा. तिसरी जाऊ नये म्हणून आलोय."

मग मागून एका बाईनं तोंड उघडलं. दोघींचीही तोंडं सुजली होती. दोघीही डोकं धरून बसायच्या, डोळ्यापुढं अंधारी येते म्हणायच्या. मग आकडी आली, दातखीळ बसली. घरच्यांनी देवऋष्याकडं नेलं, अंगात काहीतरी शिरलंय म्हणून. दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. आक्का ऐकत होत्या, पण त्यांची नजर बोलणाऱ्या बाईवर नव्हती. समोरच्या खिडकीचा गज धरून एक पोरगी उभी होती. पोट दिसत नव्हतं, फक्त हात दिसत होता. गरवारपणी चोळी-बांगडीला भरलेला हिरवा चुडा मनगटात रुतून बसला होता.

"बाळ," आक्का तिला म्हणाल्या, "ती बांगडी फिरव बघू जरा."

बांगडी फिरली नाही.

आक्कांनी तिथंच तिचा रक्तदाब मोजला. यंत्रातली हवा सोडताना मी त्यांचं तोंड बघितलं आणि मला आकडा विचारावा लागला नाही. पण घरची माणसं पोरीला आमच्या जीपमध्ये घालायला तयार होईनात. "मयताच्या गाडीत बसवणार न्हाय," नवरा म्हणाला. पोरगा रडायच्या बेतात होता. आक्का लगेच म्हणाल्या, "नका बसवू. तुमच्या टेम्पोनं जावा. पण आत्ता जावा. आमी लई मागनं येतो, दिसणार बी न्हाय."

खानापूरपर्यंत आम्ही तसे गेलो. टेम्पो पुढं, आम्ही दोन वळणं मागं. झाडीत टेम्पो दिसेनासा झाला की आक्का म्हणायच्या, "थांबला का? थांबला असंल का?" टेम्पो थांबणं म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळत होतं. तो थांबला नाही. पोरीला तिथून बेळगावला हलवलं. ती वाचली, मूलही वाचलं.

पुढं आक्कांनी त्या वाडीतल्या आणि तशाच इतर घरांतल्या हकिकती एकत्र केल्या. सूज, डोकेदुखी, अंधारी ही लक्षणं कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात पहिल्या पानावर असतात. आक्कांना त्यात नवीन काही शोधायचं नव्हतं. घरात ती कुठल्या शब्दांत बोलली जातात आणि कुठं जाऊन अडतात, हे त्यांनी दाखवलं. आशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात त्यांनी भांडून एक प्रश्न घालायला लावला. आज आमच्या भागात आशाताई गरवार बाईच्या घरी गेली की तिचा हात हातात घेते आणि विचारते, "बांगड्या घट्ट झाल्यात व्हय गं?" सासूलाही तो प्रश्न कळतो. माझ्या बायकोलाही विचारला होता. कुणी सुरू केला, ते विचारणारीला ठाऊक नव्हतं.

निपाणीची गोष्ट याहून अवघड होती.

निपाणीजवळच्या एका गावातली सविता नावाची बाई गेली. माहेर इकडचं, कर्नाटकातलं. सासर हद्दीपलीकडं, महाराष्ट्रात. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती. लहान दवाखान्यात सुखरूप बाळंत झाली, वार पडली, आणि मग अंगावरनं रक्त जायचं थांबेना. मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरलं. गाडी बेळगावकडं निघाली. वाटेतच ती गेली.

बाहेर अंगणात तंबाखूची पानं वाळत टाकलेली होती. त्या वासानं माझं डोकं उठलं होतं. सविताचा बाप मला म्हणाला, "नशीब, सर. रस्ता लांबचा." मी मान हलवली. जीपमध्ये बसल्यावर आक्का म्हणाल्या, "आई काय म्हणाली सांगू? ती म्हणाली, कोल्हापूर जवळ व्हतं. म्या वरडून सांगत व्हतो, तिकडं न्या, तिकडं न्या. गाडीवाला म्हनला, मावशी, हद्दीपलीकडं जायाचा आमाला हुकूम न्हाय."

निपाणीहून कोल्हापूर बेळगावच्या जवळपास निम्म्या अंतरावर आहे. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

त्याहून भीतीदायक गोष्ट मला नंतर कळली, ती माझ्या खोलीत, टेबलाशी बसून. सविताचा मृत्यू मी सरकारी नोंदींशी ताडून बघत होतो. इकडच्या नोंदीत ती नव्हती. इकडचं म्हणणं, बाई तिकडची, नाव तिकडं लागलेलं. तिकडं विचारलं तर म्हणाले, मृत्यू आमच्या हद्दीत नाही. मी आक्कांना बोलावून दाखवलं. त्या संगणकाच्या पडद्याकडं बघत उभ्या राहिल्या.

"म्हणजे ती कुणाच्याच हिशेबी मेली न्हाय," त्या म्हणाल्या.

ती एकटीच नव्हती अशी. हद्दीच्या दोन्ही अंगांना सोयरिकी आहेत, पोरी इकडच्या तिकडं दिलेल्या असतात, आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची रीत आहे. आक्का आता गावोगाव मुद्दाम तेच विचारत फिरू लागल्या. मी तक्ता करायचो. त्या सगळ्या बायांची नावं माझ्यासमोर असायची, आणि सरकार म्हणायचं त्या मेलेल्याच नाहीत. संध्याकाळी खोलीत एकटा असलो की मी दार उघडं ठेवायला लागलो.

बेंगळुरूला एका बैठकीत हे मांडायची संधी मिळाली. आदल्या दिवसापासून आक्कांनी काही खाल्लं नव्हतं. बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा हातातले कागद त्यांनी टेबलावर ठेवले. सगळं कानडीत चाललं होतं. आक्का कानडी उत्तम बोलायच्या, पण त्या दिवशी दोनदा अडखळल्या. सविताची हकिकत संपल्यावर एक अधिकारी कंटाळून म्हणाले, "अवरु नम्मवरल्ल, मॅडम." त्या आमच्या नव्हेत.

आक्कांनी त्यांच्याकडं बघितलं. "त्यांचीही नव्हे म्हणतात, साहेब," त्या म्हणाल्या. "मग बाळंत झाली ती कुणाच्या दारात? रक्त सांडलं ते कुणाच्या रस्त्यावर?"

टेबलाच्या शेवटी एक वयस्कर बाई अधिकारी बसल्या होत्या. सबंध बैठकीत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "तिचं नाव काय म्हणालात?"

"सविता," आक्का म्हणाल्या. "तिला ओला हरभरा आवडायचा."

बाहेर आल्यावर आक्का जिन्यातच खाली बसल्या. म्हणाल्या, "मला वाटतंय सगळं वाया गेलं." मलाही तसंच वाटत होतं. आणि बराच काळ तसंच होतं. मग कोल्हापूरकडच्या एका महाविद्यालयातल्या लोकांनी त्यांच्या बाजूची माहिती गोळा करून आमच्या माहितीला जोडली. बैठका झाल्या, पुढं ढकलल्या गेल्या, माणसं बदलली. शेवटी दोन्हीकडून हुकूम निघाला: बाळंतीण अडली तर जवळचा दवाखाना धरायचा, हद्द बघायची नाही, आणि मृत्यू झालाच तर जिथं झाला तिथं मोजायचा आणि दुसऱ्या बाजूला कळवायचा. हे आमच्यामुळंच झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या हुकमाच्या मागं कुठंतरी सविताची आई होती, हे मला माहीत आहे.

आक्कांची भाची अश्विनी, धाकट्या भावाची मुलगी, निपाणीजवळच्या गावात दिलेली. प्राथमिक शाळेत शिक्षिका. बाळंतपणाला सांबऱ्याला यायची होती, पण दिवस भरायच्या आधीच पोटात दुखायला लागलं. त्या दिवशी योगायोगानं मी आणि आक्का निपाणीतच होतो, परिचारिकांच्या प्रशिक्षणाला. दुपारी फोन आला, मुलगी झाली. आक्का हसल्या. वाटेत थांबून पेढे घेतले. दवाखान्यात पोचलो तेव्हा पेढ्यांचा पुडा माझ्या हातात होता, आणि आतून नर्स पळत बाहेर आली.

रक्त थांबत नव्हतं.

इतक्या वर्षांत मी ही गोष्ट किती तरी घरांतून ऐकली होती. नेहमी मागं वळून, सगळं होऊन गेल्यावर. ती डोळ्यांपुढं घडताना मी कधी पाहिली नव्हती. आक्कांनीही बहुधा नाही. त्या दारात उभ्या राहिल्या आणि भिंतीला टेकल्या. पुढं काय काय होतं ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिथली डॉक्टर तरुण होती, पण चपळ. पोट चोळणं चालू होतं, इंजेक्शन दिलं, दोन्ही हातांना सलाइन लावलं. मग ती आमच्याकडं वळून म्हणाली, "न्यावं लागेल. रक्त द्यावं लागेल. कोल्हापूर."

आक्कांनी होकारार्थी मान हलवली आणि त्या स्ट्रेचरमागं निघाल्या.

बाळ घरच्यांपाशी ठेवलं. ॲम्ब्युलन्समध्ये मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो. मागं स्ट्रेचरवर अश्विनी, नर्स आणि आक्का. हायवेला लागल्यावर आक्कांचा आवाज आला, बारीक, पण सरळ. "आशू, डोळे मिटू नको. तुझ्या वर्गातल्या पोरांची नावं सांग."

"आत्या, थंडी वाजतीया."

"नावं सांग."

अश्विनी सांगू लागली. हजेरी घेतल्यासारखी, ओळीनं. "अथर्व. अमृता. आफरीन. ओंकार." मी पुढं बघत होतो, पण सगळं लक्ष मागं. "किरण. गौरी." मग थोडं थांबून, "तनुजा." दोन नावांमधली जागा वाढत चालली होती. प्रत्येक नावानंतर मी श्वास रोखायचो आणि पुढचं नाव आल्यावर सोडायचो. "प्रतीक." मग काहीच नाही. टायरचा आवाज. नर्स काहीतरी करत होती.

"मग?" आक्का म्हणाल्या.

काही नाही.

"मग, आशू?"

"...बसवराज," अश्विनी म्हणाली.

हद्दीवरचा नाका आला. ट्रकांची रांग लागली होती. ड्रायव्हरनं वेग कमी केला, तसा मी त्याचा दंड धरला. "थांबवू नका," मी म्हणालो.

"थांबवत न्हाईत सर आता," तो म्हणाला. "आदी थांबवायचे. आता हुकूम हाय, पलीकडं बी जाता येतंय." एका शिपायानं हात हलवून बाजूची लेन मोकळी केली आणि आम्ही पार झालो. मी मागं वळून आक्कांकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. अश्विनीच्या ओठांकडं बघत होत्या.

कोल्हापूरच्या दवाखान्यात तिला थेट आत नेलं. रक्त चढवलं, शस्त्रक्रिया केली. गर्भपिशवी काढावी लागली. अश्विनी वाचली.

डॉक्टरांनी हे येऊन सांगितलं तेव्हा आक्का बाकावर बसल्या होत्या. मी हात दिला तरी बसूनच राहिल्या. साडीच्या निऱ्यांवर रक्त वाळून काळं झालं होतं. त्या म्हणाल्या, "मास्तर, ही आपल्या तक्त्यात येणार न्हाय."

"नाही," मी म्हणालो.

"जी वाचली ती कुठंच येत न्हाय." मग त्या रडल्या. त्याआधी किंवा नंतर मी त्यांना रडताना पाहिलं नाही.

आक्का निवृत्त होऊन सांबऱ्याला गेल्या. विभागात त्यांच्या जागी आता दुसरे प्राध्यापक आहेत. चौकशीचं काम चालू आहे. मी आकडे बघतो. हद्दीवरच्या बाया आता माझ्या तक्त्यात येतात, याचं बरं वाटावं की काय वाटावं, कळत नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात. मी कोल्हापूरहून परत येत होतो. नाका ओलांडून आमच्या बाजूला आल्यावर चहाच्या टपरीपाशी उतरलो, तर आक्का बाकड्यावर बसलेल्या. पायाशी पिशवी. मी नमस्कार केला. त्यांनी सरकून जागा दिली, पण लक्ष रस्त्यावर.

"कुणाची वाट बघताय?"

"गाडीची. मगाशी एक बाई घेऊन गेली पलीकडं. वरडत हुती बिचारी. परत येईस्तोवर बसलोय."

"कोण होती?"

"काय ठावं. मी निपाणीच्या बाजारला आलतो, हितनं चाललो हुतो." निपाणीचा बाजार तिथून बराच मागं होता.

आम्ही चहा घेतला. रिकामी ॲम्ब्युलन्स परत आली आणि टपरीपाशी थांबली. ड्रायव्हर तोंड धुवायला उतरला. आक्का उठून त्याच्यापाशी गेल्या.

"पोचली का रं बाळ?"

"पोचली की, मावशी."

"आन् मग?"

"मग काय. आमचं काम सोडायचं. पुढचं त्या दवाखान्यातल्यांस्नी ठावं."

आक्का परत आल्या, पिशवी उचलली. कोल्हापूरची बस येत होती. त्यांनी रस्त्यात जाऊन हात केला. मी म्हणालो, "आक्का, सांबरा तर उलट्या बाजूला."

"व्हय की. जरा बघून येतो," त्या म्हणाल्या. "नाव बी इचारलं न्हाय बघा कुणी."

बस भरलेली होती. कंडक्टरनं त्यांना वर ओढून घेतलं. बस नाका ओलांडून गेली तेव्हा त्या पायरीवरच उभ्या होत्या, दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून, आणि मान पुढं काढून रस्ता बघत.